किल्लेदाराचे मरण आणि दक्षिण दिशा

पडद्यावर माणसाला मरायला किती वेळ लागतो, हे मी घड्याळ लावून प्रथम मोजले ते लग्नानंतरच्या तिसऱ्या आठवड्यात, मद्रासमधल्या एका चित्रपटगृहात. नायकाच्या थोरल्या भावाच्या छातीत गोळी शिरली तेव्हा पाच वाजून दहा मिनिटे झाली होती. त्याने मान टाकली तेव्हा पाच एकोणतीस. मधल्या एकोणीस मिनिटांत त्याने आईची क्षमा मागितली, बहिणीचा हात एका भिडस्त तरुणाच्या हाती दिला, खलनायकाला उपदेश केला आणि एक अख्खे गाणे म्हटले. गाण्याच्या दुसऱ्या कडव्याला तो उठून उभाही राहिला होता. मला तेव्हा तमिळ येत नव्हते. परंतु मी शाळेत भूगोल आणि गणित शिकवणारी. शब्द कळले नाहीत तरी मोजमाप कळते.

भोवतालचे लोक हुंदके देत होते. माझ्या शेजारी बसलेले मामंजी, म्हणजे माझे सासरे, मात्र उत्तरपत्रिका तपासणाऱ्या परीक्षकासारखी मान हलवत होते.

"चुकला," ते कुजबुजले. "डोळे आधीं मिटले, हात मागाहून पडला. हात आधीं पडावा, टीचरम्मा. जीव हातांतून आधीं जातो, डोळ्यांतून सरतेशेवटीं."

'टीचरम्मा' हे त्यांनी मला बहाल केलेले नाव. सून शिक्षिका आहे याचा त्यांना अभिमान होता आणि चेष्टेसाठी ते नाव सोयीचेही होते. घराणे तंजावरकडचे, पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेले. मी कोल्हापूरहून आले तेव्हा त्यांच्या घरातली मराठी मला बखरीतल्यासारखी वाटली. आणि तिच्यामध्ये एखादा तमिळ शब्द असा निवांत बसलेला असे, जणू तोही बखरकारानेच लिहून ठेवला आहे. मामंजी जॉर्ज टाउनमधल्या एका घाऊक व्यापाऱ्याच्या पेढीवर पत्रव्यवहार सांभाळत. शनिवारी पेढी अर्धा दिवस असे. पत्रे उरकून ते तिथून थेट चित्रपटगृहात येत, बहुधा मध्यंतरानंतर.

"पहिला अर्धा चुकला तर काय झालें?" ते म्हणत. "त्यांत कोणी मरत नाहीं."

हे सत्तरच्या दशकाच्या अखेरचे दिवस. या विषयाचे मामंजींनी जे वर्गीकरण केले होते, ते मी पुढे त्यांच्याकडून व्यवस्थित समजावून घेतले. पहिला वर्ग खोकल्याचा. मध्यंतरापूर्वी ज्याला खोकला येतो आणि जो रुमाल घाईघाईने खिशात लपवतो, तो शेवटच्या रिळापुढे जात नाही. जगातल्या कोणत्याही औषधाचा तिथे उपयोग नाही. दुसरा वर्ग, दुसऱ्यासाठी झाडलेल्या गोळीचा. ही गोळी फार समंजस असते. ती लागल्यावर माणसाला घरातले सगळे तंटे निकालात काढण्याइतका अवधी मिळतो. तिसरा वर्ग आईच्या मरणाचा. त्यात देवापुढची समई विझते आणि प्रेक्षकांनी काय ते समजून घ्यायचे असते. मामंजींना हा वर्ग कमी प्रतीचा वाटे. "तेथें मरते समई," ते म्हणत, "आई चुम्मा पडून राहते." चुम्मा म्हणजे उगीच, काही न करता.

पुस्तकातल्या मरणांविषयी त्यांचे मत याहून कडक होते. मी एकदा माझ्या आवडत्या मराठी कादंबरीचा शेवट त्यांना वाचून दाखवला. चारशे पाने जिच्याबरोबर आपण चालतो, ती नायिका शेवटच्या पानावर एका ओळीत जाते. मला त्या ओळीचा संयम फार मोलाचा वाटत असे.

"संपलें?" मामंजींनी विचारले.

"हो."

"पाणी मागितलें नाहीं?"

"नाही."

"कोणास कांहीं सांगितलें नाहीं? एकच ओळ?" त्यांनी पुस्तक माझ्या हातून घेतले, शेवटचे पान उलटले आणि त्यामागचे कोरे पान मला दाखवले. "कागद आहे की येथें!"

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्याबरोबर चित्रपटाला येत. परंतु त्यांनी एकही मरण शेवटपर्यंत पाहिले नव्हते. त्यांचे कान त्या बाबतीत फार तयार होते. व्हायोलिन एकटे वाजू लागले, की त्या पदर सावरून उठत आणि बाहेर मुरुक्कू विकणाऱ्यापाशी जाऊन उभ्या राहत. मुरुक्कू म्हणजे आपल्या चकलीची तिकडची बहीण. गर्दी बाहेर पडू लागली की त्या आम्हांला येऊन मिळत. त्यामुळे त्यांच्या लेखी आजवरचा कोणताही नायक मेलेला नव्हता. शेजारणींना गोष्ट सांगताना त्या ती मरणापाशी आणत आणि म्हणत, "मग बरें वाटलें असेल त्यास."

या सवयीमागे निव्वळ हळवेपणा नव्हता, एक ठाम समजूत होती. कोणी खोटे का होईना, मेल्याचे सोंग घेतले की ते सोंग त्याला चिकटू पाहते. म्हणून ते तत्क्षणी झटकले पाहिजे. याला त्यांच्याजवळ पुरावा होता. आमच्या शेजारी कोडंबाक्कमच्या एका स्टुडिओत दिवे सांभाळणारे गृहस्थ राहत. त्यांनी सांगितले होते, की प्रेताचे दृश्य संपले की दिग्दर्शक कॅमेरा बंद करत नाही. 'प्रेता'ला आधी कॅमेऱ्याकडे पाहून हसायला लावतो. तेवढी फीत मागाहून कापून टाकतात, पण हसल्याशिवाय नटाला उठू देत नाहीत. ही चाल तिकडे सर्वांना ठाऊक होती आणि आत्याबाईंना ती पूर्णपणे शास्त्रशुद्ध वाटे.

आता मामंजींचे दुखणे सांगते. या माणसाला आयुष्यात एकदा रंगमंचावर मरायचे होते. त्यांच्या लग्नानंतर पहिल्याच वर्षी पेढीतल्या हौशी मंडळींच्या नाटकात त्यांना म्हाताऱ्या राजाची भूमिका मिळाली होती, तिसऱ्या अंकात मरण्यासह. ते कळल्यावर आत्याबाई तंजावरला माहेरी निघून गेल्या आणि भूमिका सोडल्याचे पत्र येईपर्यंत परतल्या नाहीत. पुढे काही वर्षांनी मामंजी शहरातल्या मराठी मंडळाच्या नाटकांत पडदा ओढू लागले. बावीस वर्षे त्यांनी दुसऱ्यांच्या मरणावर पडदा टाकला. बोलती भूमिका त्यांना कोणी दिली नाही, कारण महाराष्ट्रातून बदली होऊन आलेल्या मंडळींना त्यांची मराठी ऐकली की हसू येई. ते हसू दुष्ट नसे. पण बावीस वर्षे ऐकावे लागले की साधे हसूही टोचतेच.

ऐंशीच्या दशकाच्या आरंभी मंडळाला एक नवे दिग्दर्शक लाभले. मद्रासजवळच्या आवडी या गावातल्या कारखान्यात अधिकारी, तिथल्याच सरकारी वसाहतीत राहणारे, वयाने तरुण, मूळचे सांगलीकडचे. त्यांनी स्वतः एक ऐतिहासिक नाटक लिहिले होते. त्यात एक वृद्ध किल्लेदार किल्ला राखताना जखमी होतो आणि तिसऱ्या अंकाच्या शेवटी मुलीच्या मांडीवर प्राण सोडतो. पहिल्या वाचनाच्या दिवशी मामंजींनी सवयीप्रमाणे जाऊन विचारले, "पडदा कधीं सोडावा तें मज आधीं सांगून ठेवावें."

दिग्दर्शक चमकून त्यांच्याकडे पाहू लागले. "काका, हे वाक्य तुम्ही कुठे पाठ केलंत?"

"कोणतें वाक्य?"

"हेच, आत्ता बोललात ते!"

"पाठ कशास करूं? घरीं भाजीही मी ह्याच तोंडानें मागतों."

दिग्दर्शकांनी तिथल्या तिथे किल्लेदाराची भूमिका त्यांना देऊ केली. हे मामंजींनी घरी येऊन मला स्वयंपाकघराबाहेर, खालच्या आवाजात सांगितले. ते येत्या वर्षी निवृत्त होणार होते. दिग्दर्शकांची बदली उन्हाळ्यात ठरलेली होती. आणि मंडळाने असा ठराव केला होता, की यापुढे फक्त विनोदी नाटके करायची, कारण गंभीर नाटकाला मुले रडतात व त्यांना बाहेर न्यावे लागते. म्हणजे मरायचे तर याच वर्षी.

"परंतु हिचें होय आल्याखेरीज नाहीं," ते म्हणाले. "चोरून मरणार नाहीं मी."

पुढच्या रविवारी दिग्दर्शक स्वतः आमच्याकडे आले. आत्याबाईंनी त्यांना इडली वाढली, चटणी वाढली, दुसऱ्यांदा इडली वाढली आणि मग दाराशी उभ्या राहून म्हणाल्या, "ह्यांना मारायचें असेल तर दुसरा कोणी पाहा."

"अहो काकू, खोटं खोटं मरायचंय."

"म्हणूनच तर. खरें मरायचें तेव्हां कोणी पुसत नाहीं. खोटें मरायचें तर पुसावें लागतें. मीं नाहीं म्हटलें."

 त्यानंतरच्या शनिवारी मामंजी पेढीवरून सरळ घरी आले आणि पंख्याखाली आडवे झाले. त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच. जवळच्याच चित्रपटगृहात दुसऱ्या वर्गातला एक उत्तम चित्रपट लागला होता; मी तसे सुचवले. ते म्हणाले, "तूं जाऊन ये, टीचरम्मा. कसा मेला तें सांग."

तिसऱ्या शनिवारी आत्याबाई माझ्यापाशी येऊन बसल्या. मी वह्या तपासत होते. त्यांनी एक वही उचलली, ठेवली, दुसरी उचलली.

"हा मनुष्य घरीं निजून राहिला तर मज अधिक भय वाटतें," त्या म्हणाल्या. "त्यांना सांग, मरावें. पण दोन गोष्टी. पाय दक्षिणेस नकोत. आणि जीव गेला कीं तत्काळ हसावें, माझ्या डोळ्यांसमोर. मागाहून नाहीं, पडद्यामागें नाहीं. मी पाहीन असें."

मामंजींनी दोन्ही अटी उभ्या उभ्या मान्य केल्या. दिग्दर्शकांनी दुसरी ऐकली आणि ते मटकन खाली बसले.

"काकू, शोकांतिका आहे ही! किल्लेदार मेल्यावर हसला तर लोक काय म्हणतील?"

"लोकांनीं शोक करावा. कोणी अडविलें आहे? ह्यांनीं हसावें."

तेव्हा मी मध्ये पडले. मुलांना मी नेहमी सांगत असे, की अवघड उदाहरण दिसले की आधी 'दिलेले' काय ते स्वच्छ लिहून काढावे. मी कागदावर रंगमंचाची आकृती काढली. तालमी माझ्या शाळेच्या सभागृहात होत होत्या. तिथला रंगमंच पूर्वाभिमुख, हे मी प्रयोगशाळेतले होकायंत्र नेऊन पडताळून पाहिले. प्रेक्षकांकडे तोंड करून उभे राहिले की उजवा हात दक्षिणेला. पाय दक्षिणेला नकोत, म्हणजे डोके दक्षिणेला हवे. तेव्हा किल्लेदाराने उजव्या विंगेकडे डोके करून पडायचे. त्याच विंगेत, मागच्या पडद्यालगत आत्याबाईंची खुर्ची ठेवायची. शेवटच्या क्षणी मामंजींनी मान मागच्या पडद्याकडे वळवायची, म्हणजे चेहरा आत्याबाईंना दिसेल आणि प्रेक्षकांना दिसणार नाही. तिथे त्यांनी खुशाल हसावे, आवाज न करता.

दिग्दर्शकांनी आकृती पाहिली व ती विंगेत चिकटवायला मागून घेतली. त्यांची स्वतःची एकच अट होती. "पण काका, दोन मिनिटांत मरायचं हं. तुमचा तो चित्रपटवाला हिशेब नको."

"दोन मिनिटांत तर खोकलाही पुरा होत नाहीं," मामंजी मला म्हणाले. परंतु त्यांनी वचन दिले, आणि तालमीत ते प्रत्येक वेळी पावणेदोन मिनिटांत, उजवीकडे डोके करून, शिस्तीत मेले. मेल्यावर हसलेही. आत्याबाई तालमींना येत नव्हत्या. एकदाच पाहीन, म्हणाल्या.

प्रयोग शहरातल्या एका भाड्याच्या सभागृहात होता, रविवारी चार वाजता. मी सूत्रवाचक, म्हणजे नट अडला तर विंगेतून शब्द पुरवणारी. आत्याबाईंची खुर्ची आकृतीप्रमाणे उजव्या विंगेत, माझ्या शेजारी. सभागृहाच्या खिडक्यांना काळे पडदे लावलेले होते. पहिले दोन अंक निर्विघ्न पार पडले. किल्लेदार बोलू लागला तेव्हा पाचसहा जण सवयीने हसले आणि थोड्या वेळाने गप्प झाले, कारण इतर पात्रांची मराठी त्याच्यापुढे कारखान्यातल्या परिपत्रकासारखी वाटू लागली होती.

तिसऱ्या अंकात सहा वाजायच्या सुमारास किल्लेदार बाण लागून गुडघ्यांवर आला. मुलगी झालेली महाविद्यालयीन तरुणी त्याला सावरायला धावली. त्याच वेळी कोणी उशिरा आलेल्या गृहस्थांनी प्रेक्षकांमागचे मोठे दार उघडले, आणि मावळत्या सूर्याचा लालभडक झोत सरळ मामंजींच्या तोंडावर आला. त्यांनी डोळ्यांवर हात धरला. मग ती बोटे बाजूला करून त्यांनी हळूच विंगेत माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत किल्लेदार नव्हता, माझे सासरे होते.

मावळता सूर्य समोर. म्हणजे रंगमंच पश्चिमाभिमुख. म्हणजे उजवा हात उत्तरेला. म्हणजे ठरल्याप्रमाणे पडले तर डोके उत्तरेला आणि पाय दक्षिणेला, नेमके प्रेत ठेवतात तसे.

मी विंगेत चिकटवलेल्या माझ्याच आकृतीकडे पाहिले. तिच्यावर उत्तर दिशेचा बाण नव्हता. ज्या चुकीसाठी मी वर्षानुवर्षे मुलांचा अर्धा गुण कापला, ती मी स्वतः केली होती. आणि एका सभागृहाचा नकाशा दुसऱ्या सभागृहाला लावला होता.

आत्याबाई खुर्चीतून उठल्या होत्या. "दक्षिणेस पाय होतात की त्यांचे!" त्या म्हणाल्या आणि त्यांचा हात पडद्याच्या दोरीकडे गेला. दोरी आमच्याच बाजूला होती. एक झटका, आणि मामंजींचे मरण तिथेच संपले असते, मेल्यावाचून.

"आत्याबाई, थांबा," मी त्यांचे मनगट धरले. "ते डावीकडे वळतील. आपणही डावीकडे जाऊ. मागून."

"त्यांना काय ठाऊक, आपण चाललों तें?"

"त्यांना ठाऊक आहे. पाहा."

मामंजी खरोखरच वळत होते. गुडघ्यांवर, एक हात जमिनीवर टेकत, ते रंगमंच ओलांडून डावीकडे सरकू लागले होते. त्यांची मुलगी झालेली तरुणी, मांडी नेमकी कुठे मांडावी हे न कळून, त्यांच्या मागोमाग रांगत होती. मी आत्याबाईंना ओढले आणि आम्ही दोघी मागच्या पडद्यामागे शिरलो. तो पडदा म्हणजे रंगवलेला किल्ला. तो आणि भिंत यांच्यामध्ये जेमतेम वीतभर जागा. आम्ही भिंतीला पाठ लावून, एक एक पाऊल बाजूला टाकत निघालो. आणि आम्ही जसजशा पुढे सरकलो तसतसा किल्ला एका टोकापासून थरथरू लागला. प्रयोगानंतर एका निवृत्त मेजरसाहेबांनी दिग्दर्शकांचे खास अभिनंदन केले, की तोफेचा आवाज न करता केवळ तटाच्या कंपनातून मारा दाखवण्याची कल्पना त्यांनी प्रथमच पाहिली.

तट कुठे थरथरतो आहे, त्यावरून मामंजींना आम्ही कुठवर पोहोचलो ते कळत होते. आम्ही तिथे पोहोचेपर्यंत त्यांना मरता येत नव्हते. संहितेतले शब्द तर केव्हाच संपले होते. तेव्हा ते आपल्या पदरचे बोलू लागले. पडद्यामागे, तोंडावर चुन्याची धूळ घेत, मी ते ऐकत होते.

"ह्या बुरुजाचा दगड मीं खांद्यावर वाहून आणिला," ते म्हणत होते, आणि बरोबर त्याच बुरुजामागे आम्ही होतो. "त्यास सांगावें, धनी थकला. तळ्याचें पाणी कोणीं नासूं नये. दिवा वेळेवर लावावा. घोड्यास आज वैरण मीं दिली नाहीं. तेवढी आठवणीनें द्यावी. मज जायचें आहे, परंतु घाई नाहीं. सावकाश यावें. सावकाश. पाय जपून टाकावा."

आत्याबाई दातांखाली म्हणाल्या, "मरतांना इतकें बोलतो कोण?" पण पाय जपून टाकला.

सभागृहात कोणी हसले नाही. बावीस वर्षे ज्या बोलीला हसले, ती बोली त्या दिवशी लोकांनी श्वास रोखून ऐकली. डाव्या विंगेत दिग्दर्शक संहितेची पाने पुढे मागे करत होते. आम्ही त्यांच्या अंगावरच जाऊन आदळलो. खुर्ची नव्हती. आत्याबाई एका लाकडी पेटीवर टेकल्या. मामंजींनी डोके डावीकडे, म्हणजे दक्षिणेला, करून अंग टाकले. तरुणीने कशीबशी मांडी दिली. त्यांनी मान वळवली, पेटीवर बसलेल्या आत्याबाईंना पाहिले आणि मगच त्यांचा हात पडला. मग डोळे. दोन मिनिटांचे मरण सात मिनिटे चालले होते.

आता हसायचे होते.

मामंजी हसले नाहीत. मुलीचा विलाप सुरू झाला. समोरून पहिला हुंदका आला, मग दुसरा. चेहरा आमच्याकडे वळलेला, दिव्याच्या उजेडात राखेसारखा, आणि ओठ जराही हलत नव्हते.

"हसा," आत्याबाई कुजबुजल्या. "अहो, झालें मरून. हसा की."

काही नाही. त्यांनी माझा हात घट्ट धरला. मी स्वतःला सांगत होते, की ते तंद्रीत आहेत, ते विसरले आहेत. माणूस सात मिनिटे इतका चांगला मरत असेल तर हसायचे विसरणारच. पण खरे सांगते, त्या क्षणी मलाही ते वाक्य पुरते पटत नव्हते. आत्याबाई पेटीवरून उठल्या. त्यांचे एक पाऊल रंगमंचाच्या उजेडात पडणार, इतक्यात त्या थबकल्या.

"हात बघ त्यांचा," त्या म्हणाल्या.

मामंजींचा आमच्या बाजूचा हात, प्रेक्षकांना न दिसणारा, जमिनीवर उताणा पडलेला होता. बोटे निर्जीव, परंतु अंगठा चालत होता. करंगळीच्या पहिल्या पेरावर, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. समोर हुंदका आला की अंगठा एक पेर पुढे. मेलेला किल्लेदार मन लावून, एकही न चुकवता, रडणाऱ्या माणसांची मोजदाद करत होता.

आत्याबाईंच्या घशातून एक आवाज आला. त्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला, तरी तो थांबेना. खांदे गदगदू लागले, डोळ्यांतून पाणी आले, त्या पेटीवर बसल्या, वाकल्या, पुन्हा उठल्या. मी त्यांना इतके हसताना त्याआधी कधी पाहिले नव्हते. आणि पदरातून बाहेर पडणारे ते हसू पलीकडे बसलेल्यांना हंबरड्यासारखे ऐकू गेले. विंगेतली बाईसुद्धा रडते आहे, असे समजून पुढच्या रांगेतल्या बायकांनी उरलासुरला धीर सोडला. अंगठा भराभर चालू लागला. दिग्दर्शकांनी समोरच्या विंगेतल्या पडदेवाल्याला मान हलवून खूण केली आणि पडदा पडला.

मामंजी ताडकन उठून बसले. "अय्यो, हसायचें राहिलें!"

"झालें हसून," आत्याबाई डोळे पुसत म्हणाल्या. "घराण्यांतलें कोणी तरी हसलें म्हणजे झालें."

शास्त्रात असा पर्याय आहे की नाही, हे मी विचारले नाही. दिग्दर्शक आले, "काका, दोन मिनिटं म्हणालो होतो मी!" एवढे रागाने म्हणाले आणि संहितेने नाक पुसू लागले.

घरी पोहोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. आत्याबाईंनी मामंजींना उंबरठा ओलांडू दिला नाही. बाजूच्या बोळातून परस्परच मागच्या अंगणात, पाण्याच्या हौदापाशी नेले. खोटे का होईना, मरून आलेला माणूस अंघोळीवाचून घरात येणार नव्हता. मामंजी दगडावर पंचा नेसून बसले. डिंकाने चिकटवलेली दाढी निघेना, तेव्हा आत्याबाईंनी ती गरम पाण्याने भिजवून साबण चोळायला घेतला. मी दाराशी टॉवेल घेऊन उभी होते.

"वाईट झालें नाहीं ना?" मामंजींनी फेसातून विचारले. हे ते मला विचारत नव्हते.

"बरें मेलात," आत्याबाई म्हणाल्या. "पण पुन्हा नको."

"पुन्हा कशास? एकदांच मागितलें होतें." त्यांनी कानातला फेस काढला. मग राहवले नाही. "पहिल्या रांगेंत सात जणी. तो मेजर वेगळा. हुंदका हुंदका मोजला मीं."

"आठ," आत्याबाई म्हणाल्या.

"सात. पेरांवर मोजले आहेत. आठवी कोण?"

आत्याबाईंनी हौदात तांब्या बुडवला आणि काठोकाठ भरून वर उचलला.

"डोळे मिटा," त्या म्हणाल्या. "साबण जाईल."